घनफळांची बेरीज होते, पृष्ठफळांची होत नाही!

दहावीच्या भूमितीत शेवटी शेवटी एक धडा असतो, 'महत्त्वमापन'. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तो 'मेन्सुरेशन' या नावाने माहीत. आपल्यातल्या बहुतेकांनी सूत्रांचा तक्ता भिंतीवर चिकटवून तो पाठ केला, मिळायचे ते मार्क खिशात घातले आणि विसरून गेलो. अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं, वृत्तचितीवर शंकू ठेवलेला तंबू, दोन्ही टोकांना अर्धगोल असलेली औषधाची कॅप्सूल... आठवतंय का? माझं स्पष्ट मत आहे की इंजिनिअरिंगला ज्या धड्याची सगळ्यात जास्त गरज पडते, तोच आपण सगळ्यात आधी विसरतो. याचं कारणही सरळ आहे. वस्तू हातात न घेता आपण तो धडा शिकलो.

यावर लगेच कोणीतरी म्हणणार, "अगं, आता कॅड आहे ना! मॉडेल काढलं, एक कमांड दिली की घनफळ, पृष्ठफळ, वजन सगळं स्क्रीनवर." कबूल. ऑटोकॅडमध्ये 'मासप्रॉप' टाकलं की आकडा येतो. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकीचा कोणता पृष्ठभाग रंगवायचा आहे, कोणता जमिनीला टेकलेला आहे, पाणी कुठपर्यंत चढतं, हे मॉडेलला माहीत नसतं. ते आपल्यालाच सांगावं लागतं. आणि ते सांगायचं तर दोन आकार जोडल्यावर नेमकं काय होतं, हे डोक्यात पक्कं असावं लागतं.

होतं काय, ते एका ओळीत सांगते. घनफळांची बेरीज होते, पृष्ठफळांची होत नाही. एक सेंमी बाजूचे दोन घन घ्या. घनफळ एक अधिक एक, दोन. पृष्ठफळ सहा अधिक सहा, बारा? चिकटवून बघा. चिकटलेली दोन तोंडं आत गेली, राहिली दहा. तरंगणारा कोन आणि अर्धगोल जोडलात की दोन वर्तुळं गायब. कॅप्सूल जोडलीत की चार वर्तुळं गायब. जोडाच्या जागी जे झाकलं जातं ते वजा करायचं. अख्ख्या धड्याचं सार एवढंच आहे. बाकी सूत्रं तक्त्यात बघता येतात.

यातली एक गंमत तर मला फार आवडते. १० सेंमी बाजूचा लाकडी घन घ्या. त्याच्या वरच्या तोंडावर ७ सेंमी व्यासाचा अर्धगोल बसवा. दुसऱ्या तसल्याच घनात तेवढाच अर्धगोल खड्डा कोरा. दोन्हींचं पृष्ठफळ किती? दोन्हींचं सारखंच, सुमारे ६३८.५ चौरस सेंमी! वर्तुळ झाकलं गेलं काय किंवा कोरलं गेलं काय, ते गेलंच. आणि त्याच्या जागी अर्धगोलाचं वक्रपृष्ठफळ आलं. घनफळ मात्र एकाचं १०९० घन सेंमी आणि दुसऱ्याचं ९१०. म्हणजे दोन्ही घनांना रंग सारखाच लागेल, पण तराजूवर ठेवले की फरक कळेल. सूत्र पाठ करणाऱ्याला हे कधी दिसत नाही. हातात घन धरणाऱ्याला लगेच दिसतं.

म्हणून माझा सल्ला असा, की या विषयाची खरी लॅब आपल्या कॅम्पसमध्ये शोधू नका. ती गुलमंडीवर आहे! ड्रॉइंग शीट आणायला औरंगपुऱ्यात आपण जातोच. तिथून पायी पाच-दहा मिनिटांत गुलमंडी. गर्दीतून, गाड्यांच्या हॉर्नमधून वाट काढत एखाद्या भांड्यांच्या दुकानासमोर उभं राहा आणि फक्त आकार बघा. मसाल्याचा डबा ही वृत्तचिती. पेला हा शंकुछेद. घागर म्हणजे पोट गोलाचं, मान वृत्तचितीची आणि काठ शंकुछेदाचा. नरसाळं म्हणजे मोठ्या शंकुछेदाला जोडलेली बारीक नळी. पुस्तकातली 'संयुक्त घनाकृती' इथे ढिगाने टांगलेली असते. जवळच्या कुंभारवाड्यात माठ-रांजणही बघून घ्या. चाकावर फिरणाऱ्या मातीला कोणतंही सूत्र येत नाही, तरी आकार बिनचूक!

मागच्या सेमिस्टरला मी तिथून एक बादली घेतली. दुकानातल्या काकांना विचारलं, "काका, किती लिटरची?" ते म्हणाले, "तेरा बसतं बघा ताई." "मोजलंय का?" तर हसून म्हणाले, "त्यात मोजायचं काय? मधली रुंदी धरायची आन् सरळ डबा समजायचा." रूमवर आल्यावर मी पट्टी लावली. वरचा व्यास ३० सेंमी, तळाचा २०, उंची २७. शंकुछेदाच्या सूत्राने घनफळ आलं १३.४ लिटर. काकांच्या रीतीने, म्हणजे मधला व्यास २५ धरून, आलं १३.२५ लिटर. फरक दीड टक्क्याच्या आत! याला मी अडाणी अंदाज म्हणणार नाही. याला इंजिनिअरिंग ॲप्रॉक्झिमेशन म्हणतात, आणि आपल्याला ते थर्ड इयरला शिकवतात.

आता हीच बादली पत्र्यातून करायची तर? तिरकी उंची साधारण २७.५ सेंमी. वक्रपृष्ठफळ सुमारे २१५७ चौरस सेंमी, तळ ३१४, एकूण २४७१. वरचं तोंड उघडं, ते धरायचं नाही. (बोर्डाच्या परीक्षेत निम्मी पोरं इथेच घसरतात असं शिक्षक सांगतात.) पण पत्रा कापायचा कसा? सरळ पट्टी कापून गुंडाळली तर बादली होत नाही, नळकांडं होतं. शंकू पूर्ण केला तर त्याची तिरकी उंची ८२ सेंमीच्या वर जाते. म्हणून पत्र्यावर एक खिळा, त्याला दोरी, ८२.४ सेंमीचा एक कंस आणि ५४.९ सेंमीचा दुसरा, आणि मधला कोन साडेपासष्ट अंश. फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगमधलं 'डेव्हलपमेंट ऑफ सरफेसेस' म्हणजे हेच की! ज्या शीटवर आपण रात्र रात्र जागतो, खोडरबरने भोक पाडतो, तिचा उपयोग काय, हे पत्र्याचं काम करणारा कारागीर खिळा आणि दोरीने दाखवून देतो.

आता धान्याकडे वळूया, कारण माझ्या मते या धड्यातलं सगळ्यात मराठमोळं गणित धान्यात आहे. आपल्या आज्या ज्वारी वजनावर घेत नव्हत्या, मापाने घ्यायच्या. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि पुढे धान्य किलोवर गेलं. पण एक शब्द भाषेत राहून गेला, 'शीग'. माप काठोकाठ भरल्यावर त्यावर जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. 'उत्सुकता शिगेला पोहोचली' असं आपण फेस्टच्या रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहितो ना, ती हीच शीग! आणि शीग लावलेलं माप म्हणजे काय? वृत्तचितीवर शंकू. दहावीचा तंबूच!

गणित करून बघा. माप आतून १० सेंमी त्रिज्येचं आणि १२ सेंमी उंचीचं. त्यात सुमारे ३.७७ लिटर धान्य मावतं. वरची शीग ६ सेंमी उंच धरा. शंकूचं घनफळ ०.६३ लिटर. म्हणजे मापाच्या बरोबर एक षष्ठांश. सहा मापं शिगेने घेतली की एक माप फुकट! आता तेवढंच धान्य मावणारं, पण पसरट माप घ्या. त्रिज्या १४ सेंमी, उंची सहाच्या किंचित वर. त्याच उताराने शीग चढते ८.४ सेंमी आणि तिच्यात १.७२ लिटर धान्य बसतं. जवळजवळ अर्धं माप फुकट. दोन्ही मापांवर शिक्का एकाच आकड्याचा. पण शिगेने घेणाऱ्याला पसरट माप हवं आणि देणाऱ्याला उभट. माप खरं असूनही व्यवहार खोटा होऊ शकतो, तो असा. ज्याला हे कळत नव्हतं तो शेतकरी किंवा मजूर किती वर्षं किती धान्य गमावत आला असेल, याचा विचार केला की हा धडा एकदम कोरडा वाटेनासा होतो.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सन ११५० च्या सुमारास) यावर स्वतंत्र प्रकरण आहे, राशिव्यवहार. राशी म्हणजे धान्याची रास. खड्ड्यांसाठी खातव्यवहार, विटांच्या थरांसाठी चितिव्यवहार, आणि ढिगांसाठी हा. नियम इतका सोपा की मोबाइलसुद्धा लागत नाही. ढिगाच्या घेराचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा. उंची मोजायलाही ढिगात काठी खुपसायची गरज नाही. मोठ्या दाण्याच्या धान्याची उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी, बारीक दाण्याची अकराव्या, कुसळं असलेल्या धान्याची नवव्या. या तीन आकड्यांतून ढिगाचा उतार काढलात तर अंदाजे ३२, ३० आणि ३५ अंश येतो. सिव्हिलवाल्यांनो, सॉइल मेकॅनिक्समध्ये कोरड्या वाळूचा 'अँगल ऑफ रिपोज' किती शिकवलाय, आठवा! ढीग भिंतीला टेकला असेल, आतल्या कोपऱ्यात असेल किंवा बाहेरच्या कोपऱ्याला वळसा घालून असेल तर काय करायचं, तेही तिथे दिलंय. या नियमात पायची किंमत ३ धरल्यासारखी होते, म्हणून उत्तर पाचेक टक्के जास्त येतं. खळ्यावर तेवढं चालतं.

साइटवर वापरून बघा. वाळू आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात, १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. या नियमाने ३३ फूट घेराचा ढीग जवळपास एक ब्रास होतो, आणि काटेकोर हिशेबाने घेर साडेतेहेतीस फूट लागतो. म्हणजे ट्रकवाल्याने साइटवर वाळू ओतली की एक दोरी घ्या आणि ढिगाला गुंडाळा. दोरी २७ फुटांत संपली तर समजा निम्माच माल आलाय. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात नको असेल तर दोरी जवळ ठेवा!

भास्कराचार्य आपल्यापासून लांबचेही नाहीत. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की पाटणादेवी. तिथल्या शिलालेखात १२०७ च्या सुमाराची नोंद आहे, की त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. हे चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला, रविवारी ट्रिपल सीट जातो तोच. फोटो काढून आलो, पण हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता हॉस्टेलवाल्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. पाणी! पैठणला एवढं मोठं जायकवाडी धरण, तरीही गेल्या कित्येक वर्षांत या शहरातल्या अनेक वस्त्यांनी अनेक दिवसांच्या गॅपने पाणी पाहिलंय. अशा गावात टाकीचं घनफळ हा जगण्याचा प्रश्न होतो. समजा गच्चीवरची काळी टाकी ११० सेंमी व्यासाची आहे आणि सरळ भाग १०५ सेंमी उंच. घनफळ जवळपास १००० लिटर. वरचा घुमट वेगळा, पण त्यात पाणी चढतच नाही, कारण ओव्हरफ्लोचा पाइप त्याच्या खाली असतो. हा पाइप सरळ भागाच्या काठापासून १० सेंमी खाली आणि बाहेर जाणारा पाइप तळापासून ५ सेंमी वर असेल, तर कामाची उंची राहिली ९० सेंमी. पाणी मिळणार ८५५ लिटर. हजाराच्या टाकीतले दीडशे लिटर केवळ कागदावर. सकाळी नवव्या बादलीनंतर नळ 'फुस्स' करतो तेव्हा आपण एकमेकांवर पाणी वाया घालवल्याचा आरोप करतो. त्याआधी एकदा ही वजाबाकी करून बघायला काय हरकत आहे?

टँकरचं तर आणखी भारी. टँकरची टाकी आडवी, अंड्यासारख्या गोल छेदाची. काठी घातली आणि निम्मी ओली झाली तर निम्मा टँकर, हे बरोबर. पण पाव काठी ओली म्हणजे पाव टँकर? अजिबात नाही! तळाला टाकी अरुंद होत जाते, म्हणून तिथे पाणी असतं १९.६ टक्के. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये अडीच हजार समजून पैसे दिलेत तर हातात येतात साधारण १९५५ लिटर. सुमारे साडेपाचशे लिटर कमी, म्हणजे २०० लिटरचे पावणेतीन ड्रम! मराठवाड्यात उन्हाळ्याच्या उन्हाळ्यात ज्या गावांचं पाणी टँकरवर चालतं, त्या गावातल्या एखाद्या नववी-दहावीच्या मुलीला एवढं गणित आलं तर किती फरक पडेल!

शेवटचं उदाहरण वेरुळचं, कारण ते जोडण्याचं नाही, काढण्याचं आहे. कैलास लेणं हे आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, डोंगर वरून खाली कोरत नेलेलं. किती दगड काढला? कुठे दोन लाख टन वाचायला मिळतं, कुठे चार लाख. खरं कोणतं? भांडत बसण्यापेक्षा महत्त्वमापन करू. अंगणाची मापं साधारण अशी सांगतात: लांबी २७६ फूट, रुंदी १५४ फूट, मागच्या बाजूला खोली १०७ फूट. सरळ इष्टिकाचिती धरली तर साडेपंचेचाळीस लाख घनफूट, म्हणजे सुमारे १ लाख २९ हजार घनमीटर. बेसॉल्टचा एक घनमीटर २.९ टन धरला तर ३ लाख ७३ हजार टन. पण डोंगर उतरता आहे, पुढची खोली मागच्यापेक्षा खूपच कमी. पुढे खोली शून्य धरून पाचर कल्पिली तर निम्मं, १ लाख ८७ हजार टन. खरी पुढची खोली शून्य नाही, म्हणून थोडं वाढेल. मधे मंदिर उभं ठेवलंय, म्हणून थोडं कमी होईल. म्हणजे दोन लाखांचा आकडा पटण्यासारखा आहे. चार लाख टन दगड तर अख्खी इष्टिकाचिती रिकामी केली तरी निघत नाही. बाजूच्या ओवऱ्यांचा दगड त्यात मिळवला तरी एवढी मोठी तफावत भरून निघेल असं दिसत नाही. फॉरवर्ड होऊन आलेल्या आकड्याला हात जोडायचे की कागद-पेन्सिल काढायची, हे दहावीच्या एका धड्यावर ठरतं. आणि सुरुवातीचा तो कोरलेला घन आठवा. दगड कमी होत गेला तसं पृष्ठफळ वाढत गेलं. शिल्पकाराला नेमकं तेच हवं होतं, कारण शिल्पं पृष्ठफळावरच असतात!

आता माझ्या मनातली खरी गोष्ट. माझी रूममेट झेडपीच्या मराठी शाळेतली. फर्स्ट इयरला वर्गात प्रश्न आला, तिने उत्तर दिलं, "सर, तो शंकुछेद आहे." वर्ग हसला. कारण सगळ्यांना 'फ्रस्टम' हवं होतं. ती त्यानंतर कित्येक महिने वर्गात बोलली नाही. पण बघा ना, 'फ्रस्टम' म्हटल्यावर मला दहा वर्षांत काही दिसलं नव्हतं. 'शंकुछेद' म्हटलं की शंकू दिसतो आणि त्याला बसलेला छेदही दिसतो. 'क्यूबॉइड'मध्ये काय आहे? 'इष्टिकाचिती'मध्ये इष्टिका म्हणजे वीट आहे आणि चिती म्हणजे रचलेला थर. शब्दातच आकृती काढून ठेवलीय! सेमिस्टरच्या आदल्या रात्री हीच मुलगी आमच्या विंगमधल्या सहा जणींना आकृत्या काढून शिकवत होती. इंग्रजी सोडा असं मी म्हणत नाही, ते सोडून आपलं भागणारही नाही. पण ज्या मुलांना वस्तू दिसतात त्यांना शब्दावरून गप्प बसवायचं, आणि ज्यांना शब्द येतात त्यांना वस्तू दाखवायच्याच नाहीत, यात नुकसान दोघांचंही आहे.

म्हणून सर आणि मॅडम लोकांना तीन नम्र सूचना. एक, फर्स्ट इयरच्या ड्रॉइंगचं एक प्रॅक्टिकल गुलमंडीवर न्या. प्रत्येक ग्रुपने पाच भांडी निवडायची, आधी नुसत्या डोळ्यांनी लिटर सांगायचे, मग दोरी-पट्टीने काढायचे आणि शेवटी पाणी ओतून तपासायचे. दोन, व्हायवाला सूत्र विचारण्याआधी "जोडल्यावर कोणतं तोंड गेलं?" एवढंच विचारा. तीन, ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर इंग्रजी आणि मराठी संज्ञांचा एक तक्ता शेजारी शेजारी लावा.

आणि हॉस्टेलच्या मित्र-मैत्रिणींसाठी एक काम. या रविवारी पट्टी आणि ऑइल पेंट घेऊन गच्चीवर जाऊया. प्रत्येक टाकीवर कंपनीच्या आकड्याखाली खरा आकडा लिहूया, ओव्हरफ्लोपासून आउटलेटपर्यंतचा. वॉर्डन सरांची परवानगी मी काढते, दोरी तुम्ही आणा!